आधी चष्मा लाव, मग वाच

१८ फेब्रुवारी

अक्का,

तुझा चष्मा काल कुरिअरने पोचला. सोबत नेहमीसारखी चिठ्ठी, "पडला. नीट करून पाठव." पहिल्या शब्दातच थाप आहे.

मी सोळा वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा बसवतोय, हे विसरलीस का? पडलेल्या चष्म्याच्या काचेचा कडेला टवका उडतो. कुणी चष्म्यावर बसलं तर दोन्ही काड्या फाकतात. चष्मा लावून झोपलं तर एक काडी वर आणि एक खाली होते. तुझ्या चष्म्याची फक्त डावी काडी बाहेर आणि खाली ओढली गेलीय, बिजागरीचा स्क्रू अर्धा उपसलाय आणि काचेच्या खालच्या कडेला दूध सुकलंय. असं काम या जगात एकच मनुष्यप्राणी करतो. तो कुणाच्या तरी कडेवर असतो, त्याला दोन दात असतात आणि हाताला लागलेलं तो सोडत नाही. असे दोन-तीन चष्मे तरी रोज माझ्या टेबलावर येतात. मी समोरच्याला विचारतो, "सात महिने की आठ?" आजवर एकदाही चुकलो नाही.

तुझ्या घरात सात-आठ महिन्यांचं बाळ आहे, अक्का.

ऑक्टोबरात फोनवर मागे रडणं ऐकू आलं होतं. मी विचारलं तर म्हणालीस, "शेजाऱ्यांचं आहे रे." तुझ्या एका बाजूला रिटायर झालेले मास्तर राहतात आणि दुसऱ्या बाजूला छापखाना आहे. मास्तरांना या वयात बाळ झालं असेल तर त्यांचा सत्कारच करायला हवा.

म्हणजे चिमणीला बाळ झालं. माझ्या एकुलत्या एका भाचीला, जिला मी सायकल शिकवली, जिचा पहिला चष्मा मी माझ्या हाताने बनवला. छत्तिसाव्या वर्षी मी आजोबा झालो आणि ते मला एका वाकड्या काडीने सांगावं!

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू अठरा. तू मला वाढवलंस, म्हणून आजवर तुला उलटून बोललो नाही. आज बोलतो. मी असं काय केलं होतं? आधी दर रविवारी अकराच्या ठोक्याला तुझा फोन यायचा. आता महिन्यातून एकदा येतो, तोही हवापाण्यापुरता. बरं ठेवते, म्हणतेस आणि ठेवतेस. मी काय समजायचं ते समजून गप्प होतो. पण इतकं परकं करायचं?

काल जेवताना तुझ्या भावजयीला सांगितलं, "अक्काकडे बाळ आहे. चिमणीचं असणार." ती पेल्यात पाणी ओतत होती. हात थांबला नाही, भुवई हलली नाही. "असेल," म्हणाली. असेल! मी विचारलं, तुला माहीत होतं का? तर म्हणाली, "मला काही विचारू नकोस. तुझ्या अक्कांना विचार."

तर विचारतोय. चष्मा सरळ केलाय, स्क्रू नवा घातलाय, पण पाठवत नाही. आधी उत्तर, मग चष्मा.

तुझा (अजून तरी) भाऊ

१ मार्च

अक्का,

आधी चष्मा लाव, मग वाच. याच खोक्यात आहे, मऊ फडक्यात गुंडाळलेला.

दहा दिवस तुझ्या उत्तराची वाट बघत मी धुमसत होतो. घरात तुझ्या भावजयीशीही धुसफूस. काल सकाळी ती ड्यूटीला निघाली तेव्हा माझं पुन्हा सुरू झालं, "बघ, अक्काच्या दोन ओळी नाहीत." ती बूट घालता घालता थांबली आणि इतकी हसली की भिंतीला टेकली. "अरे शहाण्या, त्यांचा चष्मा तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या पत्र वाचणार कशा?"

सोळा वर्षं लोकांना दिसावं म्हणून खपतोय आणि माझी ही अक्कल! तुला मी ओळखतो. माझं पाकीट तू दुसऱ्या कुणाला वाचायला दिलं नसणार, बटणांच्या डब्याखाली सरकवून ठेवलं असशील. ते वाचलंस तर एवढं धरून चाल की लिहिणारा गाढव होता.

हसून झाल्यावर तिने बुटाची गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली, "चष्मा पाठवशील तेव्हा खरं काय तेही लिही. तू अक्कांना आपल्याबद्दल काय सांगून ठेवलंयस, ते मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. कुठून कळलं ते विचारू नकोस." आणि बस पकडायला गेली. मी काल दिवसभरात दोन चष्म्यांत डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली.

तर खरं सांगतो.

माझ्यात काही दोष नाही. तिच्यातही नाही. निदान असल्याचं आम्हाला ठाऊक नाही, कारण त्यासाठी आम्ही कुठल्या डॉक्टरची पायरी चढलोच नव्हतो. आम्ही थांबलो होतो, एवढंच.

ही बेकरीत केकवर नावं लिहायची ते तुला माहीत आहे. नऊ वर्षं लोकांच्या पोरांची नावं साखरेत लिहिली आणि तिसाव्या वर्षी म्हणाली, मला मिडवाइफ व्हायचंय. एकदम हे काय, विचारलं तर म्हणाली, "नाव लिहायच्या आधीचं काम करावंसं वाटतं." तीन वर्षांचा कोर्स. त्यात चाळीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची, प्रत्येकाची वहीत नोंद आणि वर सिस्टरची सही. मधे खंड पडला की ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दोघांनी टेबलाशी बसून ठरवलं, आधी कोर्स, मग मूल. दोघांनी, अक्का. तू मात्र कायम तिलाच धरलंस.

दर रविवारी तू विचारायचीस, "मग? काय विशेष?" आम्ही म्हणायचो, काही नाही, तुमचं काय? तेवढ्यावर भागायचं. पण पावणेदोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या दिवशी परीक्षा असताना, तू तिलाच फोन लावलास. म्हणालीस, "कोर्स काही पळून जात नाही, वय पळतंय." तुझ्या पोटात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण ती पुस्तक घेऊन न्हाणीघरात जाऊन बसली आणि नळ सोडून रडली. मला दाराबाहेर दोन्ही ऐकू येत होतं.

मी जिन्यात जाऊन तुला फोन केला. तिला पुन्हा असं विचारू नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण फोनवर माझं तोंड माझ्यापुढे धावतं. तू म्हणालीस, "अरे, पण अडचण तरी काय आहे?" आणि मी बोलून गेलो, "दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

तू एवढंच विचारलंस, "जेवलास का?"

त्यानंतर तू ते कधीच विचारलं नाहीस. मला वाटलं, सुटलो. ही परीक्षा झाली की सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं. तुझे फोन कमी झाले तेव्हा वाटलं, अक्काला माझी लाज वाटते. काल रात्री तुझा चष्मा फडक्यात गुंडाळताना डोक्यात उजेड पडला. तुला लाज वाटत नव्हती, तू मला जपत होतीस. माझ्या कानावर बाळाचं नाव पडू नये म्हणून तू सगळ्या घराला तंबी दिली असणार. जे दुखणं मला झालंच नव्हतं, त्यावर तू फुंकर घालत बसलीस.

आणखी एक आहे, ते हिलाही सांगितलेलं नाही. कोर्स संपायला आता चार महिने आहेत आणि मला भीती वाटते. मी जे खोटं बोललो ते खरं निघालं तर? मग मी स्वतःला कधी माफ करू शकणार नाही. हे शहाण्या माणसाचं बोलणं नाही, कळतंय मला. पण दुकानात कुणी बाळाने वाकवलेला चष्मा पुढे केला की हल्ली मी मान वर न करता नुसता स्क्रू शोधत बसतो.

चिमणीला, जावईबापूंना, भाऊजींना काय तोंड दाखवू ते तूच सांग. रागाव, पण लिही.

तुझा भाऊ

१५ मार्च

अक्का,

हुश्श!

चार पानं! तुझ्या हातून चार शब्दांच्या वर काही लिहून होईल असं मला वाटलं नव्हतं. पहिलं पान निव्वळ शिव्यांचं आहे, ते मी उभ्याने वाचलं. "खोटंच बोलायचं होतं तर ताप आलाय म्हणायचं होतंस." खरं आहे. तेवढ्यावरही भागलं असतं.

दुसऱ्या पानावर मात्र बसलो. तू वर्तमानपत्रातली कात्रणं साठवत होतीस, पुरुषांच्या आजारावरची, बिस्किटांचा डबाभर. भाऊजींना सांगितलंस, विम्याचे कागद आहेत, हात लावू नका. चिमणीने बातमी दिली त्या दिवशी तू रडलीस, आणि आनंदाने रडतेय की माझ्यासाठी, ते तुझं तुलाच कळेना. अक्का, हे वाचून मला इतकं वाईट वाटलं की दुकानाच्या मालकाने चहा मागवून दिला.

तिसरं पान मी तीनदा वाचलं. बाळ पायाळू आहे म्हणून तुमच्या डॉक्टरांनी चिमणीला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तुम्ही दोन दिवस माझ्या दुकानापासून चार स्टॉपवर होतात. आणि वॉर्डात पांढरे कपडे घालून समोर कोण, तर तुझी भावजय!

तू तिला बोळात गाठून म्हणालीस, माझ्या भावाला काही सांगू नकोस, त्याला सोसायचं नाही. ती म्हणाली, "इथलं मी बाहेर बोलतच नाही, अक्का. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, कुणाचंच बोलत नाही." आणि आत चिमणी कळा देता देता तिच्यापाशी रडली, "मामी, तुमच्यासमोर मला अपराध्यासारखं होतंय. मामाचं आईने सांगितलंय आम्हाला." तुझ्या म्हणण्याप्रमाणे हिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. "बरं. आता श्वास सोड," म्हणाली.

तर माझ्यात दोष आहे हे माझ्या बायकोला असं कळलं.

संध्याकाळी ती घरी आल्यावर तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने दारातच वाचलं. मग खुर्चीवर बसून बूट काढले आणि म्हणाली, "सुटले रे बाबा. आता त्यांनीच सांगितलं." आणि आठ महिने तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. तिने तिची नोंदवही दाखवली. सतरा आणि अठरा आकड्यांच्या मधे एक ओळ खोडलेली. नाव नाही. दुपारी दोन दहा, मुलगी, दोन किलो नऊशे. बाळ मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काढलं, पण पहिल्यांदा हातात घेतलं ते हिने. मदतीला हात लावलेलंही मोजतात, म्हणून ती नोंद धरली असती. सिस्टरना हिनेच सांगितलं, नात्यातली आहे, मग त्यांनी नियमाप्रमाणे खोडली. गप्प बसली असती तर एक बाळंतपण कमी करावं लागलं असतं. पण खोटं बोलण्याचं खातं आमच्या घरात फक्त माझ्याकडे आहे.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"इतका आला की घरी येताना दोन बस सोडल्या. पण तुझ्यावर ओरडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण वॉर्डातलं होतं. म्हणून मग तुझ्यावर दुसऱ्याच गोष्टींवरून ओरडले. टॉवेल आठवतोय?"

टॉवेल मला चांगलाच आठवतोय. जुलैत एका ओल्या टॉवेलवरून तिने मला तासभर फैलावर घेतलं होतं. मी तेव्हापासून आजतागायत टॉवेल वाळत टाकतो. म्हटलं, फुकट गेला की माझा पश्चात्ताप! तर म्हणाली, "फुकट कसा? टॉवेल वाळतोय ना."

मग मी तिला माझी भीतीही सांगितली, तुला लिहिली तीच. ती हसली नाही. म्हणाली, "अंगाला कुणी काय बोललं ते ऐकू येत नाही. कोर्स संपला की दोघं जाऊन तपासून घेऊ." आणि ताट वाढायला उठली. बऱ्याच महिन्यांनी आम्ही शिळोप्याच्या गप्पा मारत जेवलो.

चिमणीला सांग, मामा माफी मागायला येतोय. आणि पिल्लाला सांग, काडी वाकवून तिने जे केलं, ते तुम्हा-आम्हा सहा मोठ्या माणसांना जमलं नाही.

तुझा भाऊ

३० जून

अक्का,

संपलं! चाळिसावं बाळंतपण परवा झालं. मुलगा, रागीट, तिच्या म्हणण्याप्रमाणे "आल्या आल्या भांडायला लागला." सिस्टरनी सही केली आणि वही मिटून तिच्या हातात दिली. ती वही आता आमच्या टेबलावर आहे आणि मी चहाचा कप तिच्यापासून हातभर लांब ठेवतो. त्याच वॉर्डात तिला नोकरीवर घेणार आहेत.

मे महिन्यात तुझ्याकडे येताना मी कोपऱ्यावरून दोनदा मागे फिरलो होतो, हे तुला कळलं होतं का? भाऊजी काही बोलणार, चिमणी तोंड फिरवणार, असं काय काय मनात. आणि दारात चिमणीने बाळ सरळ माझ्या हातात कोंबलं. "घ्या, आजोबा." पुढे मला काही बोलायला वेळच मिळाला नाही, कारण पिल्लाने पहिल्या मिनिटाला माझा चष्मा धरला. डावी काडी, बाहेर आणि खाली. अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे! तुम्ही सगळे हसत होतात आणि मला काही दिसत नव्हतं, ते नुसतं चष्मा गेल्यामुळे नाही.

ही बाळाकडे नुसती बघत राहिली होती. तू तिला हळूच विचारलंस, "ओळखलं का?" ती म्हणाली, "हो. तेव्हा पाय आधी भेटले होते."

निघताना तू दारात जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "काय विशेष, असं मी आता कधी विचारणार नाही. तुमचं तुम्ही सांगाल तेव्हा." तेव्हा मी मान डोलावली. घरी येईपर्यंत मात्र ते मला टोचत राहिलं, कारण आता खरोखर सांगण्यासारखं काही नव्हतं आणि लपवण्यासारखंही काही नव्हतं.

कोर्स संपायच्या आधीच, मागच्या आठवड्यात, आम्ही दोघं जाऊन तपासून आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचंही व्यवस्थित आहे, वाट बघा. ही म्हणाली, त्यात आम्ही तरबेज आहोत. बाहेर आल्यावर मी रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसलो आणि पाच मिनिटं उठलो नाही. अक्का, माझं खोटं खोटंच होतं! एखाद्याला आपण थापाड्या असल्याचा इतका आनंद झालेला मी तरी पाहिलेला नाही. पुढे मूल होईल, न होईल, उशिरा होईल. पण निदान त्या जिन्यातल्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला आता आतून पटलंय.

पुढच्या महिन्यात पिल्लाचा पहिला वाढदिवस. केकवर नाव हीच लिहिणार. बेकरीच्या मालकाने सांगितलंय, हात विसरला असेल तर इथे येऊन सराव कर. तिला राग आलाय.

रविवारी अकराला फोन कर. पूर्वीसारखा.

तुझा भाऊ

११ नोव्हेंबर

अक्का,

चष्मा पोचला. या वेळी उजवी काडी. पिल्लाने हात बदलला की तू तिला दुसऱ्या कडेवर घेतलंस? चिठ्ठी मात्र खरी आहे, "हिने पुन्हा मोडला. नीट करून पाठव." काडी सरळ केली, स्क्रू बदलला, आणि नाकावरच्या गाद्या नव्या बसवल्या, कारण जुन्या तिने चावल्यात.

तू शब्द पाळतेस हे मला माहीत होतं, पण इतका? जुलैपासून एक रविवार चुकला नाहीस. पाणी आलं का, पडदे धुतले का, हिची ड्यूटी कधी, माझा खोकला गेला का, मालकाच्या मुलीचं कसं चाललंय, सगळं विचारतेस. आणि मग ठेवायच्या आधी क्षणभर थांबतेस. श्वास घेतेस आणि सोडतेस. मला ऐकू येतं ते. परवाच्या रविवारी तर इतका वेळ थांबलीस की मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणालीस, "बरं, जेवा वेळेवर."

त्या वेळी ही माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. फोनवर माझं तोंड पुढे धावतं, हे तिला आता माहीत झालंय.

नंतर म्हणाली, "असं आपणहून नको सांगायला. अक्कांनी इतकी वर्षं विचारलं आणि आपण काही नाही, काही नाही म्हणत राहिलो. मग तुझ्यामुळे त्यांनी विचारणंच सोडलं. आता त्यांना विचारू दे." मी म्हटलं, अगं, तिने शब्द दिलाय, ती मेली तरी विचारणार नाही. तर म्हणाली, "मग तू त्यांना शब्दातून मोकळं कर. तुझ्यामुळेच अडकल्यात."

म्हणून हे पत्र. चष्मा खोक्यात आहे, फडक्यात गुंडाळलेला. तो लाव, हे पुन्हा एकदा वाच. चिमणीला वाचायला दे, भाऊजींना दे. बिस्किटांच्या डब्यातल्या कात्रणांची रद्दी घाल.

आणि रविवारी अकराला फोन कर. नीट बसून कर. पाणी, पडदे, खोकला, सगळं नंतर. आधी ते विचार.

तुझा भाऊ